विहिरीला गारगोट्या लागल्या

माणसाला एखादा छंद असावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो छंद घरात कोठे ठेवावा, हे मात्र कोणी सांगत नाही. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याचे एका वहीत भागते. नाणी जमवणाऱ्याला बिस्किटांचा डबा पुरतो. आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या घड्याळांचा नाद आहे. तो भिंतीवर मावतो, फक्त बाराच्या ठोक्याला साऱ्या गल्लीला ऐकू येतो. दगडांचे तसे नाही. ते आधी खिडकीत येतात, तेथून पलंगाखाली सरकतात, आणि एखाद्या दिवशी पाहुण्यांसाठी बादली शोधावी तर ती दगडांनी भरलेली निघते. "अहो, लोक घर बांधायला दगड आणतात, तुम्ही घर मोडायला आणता आहात," हे वाक्य आमच्या घरातून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की विरोधाचे उदाहरण म्हणून ते वर्गात वापरू लागलो आहे.

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, की माझा धंदा मराठी शिकवण्याचा. दगडांकडे मी वळलो तोही शब्दांच्या मागे लागून. दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक काम सांगतो: घरात बोलले जाणारे, पण पाठ्यपुस्तकात कधी न दिसलेले वीस शब्द लिहून आणा. मुली बहुधा चुलीजवळचे शब्द आणतात, मुले बैलगाडीचे आणि ट्रॅक्टरचे. दोन वर्षांपूर्वी औंढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने पान भरून शब्द आणले, आणि ते सगळे विहिरीचे होते. त्या उन्हाळ्यात तिच्या घरी विहीर चालू होती. घरात दुसरा विषयच नसावा. 'परस' म्हणजे पुरुषभर उंची, विहिरीची खोली मोजण्याचे माप. 'यारी' म्हणजे खालचा दगड वर ओढणारे यंत्र. 'डबर' म्हणजे तो दगड. मग मुरूम, काळा पाषाण, गेरू, पाझर. आणि शेवटी एक शब्द: 'मांजऱ्या'.

"मांजऱ्या म्हणजे काय गं?" मी विचारले.

"सर, तो खडकच तसा असतो. ठिपक्याठिपक्यांचा. आमच्या विहिरीला तोच लागला."

दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक ढेकूळ आणून टेबलावर ठेवले. तपकिरी-जांभळट खडक, आणि त्यात वाटाण्यापासून लिंबापर्यंत लहानमोठ्या पोकळ्या, बहुतेक पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेल्या. एका पोकळीत खडे भरता भरता राहिले होते आणि आत टोके टोके दिसत होती. "पाणी लागलं नाही सर, ह्या गारगोट्या लागल्या," ती म्हणाली.

आपल्या भाषेत 'लागणे' हे मोठे सोशिक क्रियापद आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नजर लागते. विहिरीला पाणी लागते. जे मिळवायला माणूस झटतो आणि जे त्याच्या मर्जीविरुद्ध येऊन आदळते, त्या दोन्हींसाठी आपण एकच शब्द ठेवला आहे. तिच्या वडिलांच्या विहिरीला काय लागले, ते मी त्या दिवशी वहीत लिहून घेतले आणि ढेकूळ घरी आणले.

आमच्या घरी खरे शास्त्र मी शिकवत नाही, सौ. शिकवते. ती शाळेत विज्ञानाची शिक्षिका आहे. मुलांना नोटेवरच्या खुणा दाखवण्यासाठी तिने एक लहानसा दिवा घेतला होता, दुकानदार नोटा तपासायला ठेवतात त्या जातीचा, अतिनील किरणांचा. एका रात्री वीज गेली, मेणबत्ती सापडेना, आणि अंधारात तोच दिवा हाती लागला. तो चाचपडताना टेबलावरच्या ढेकळावर पडला. खडक काळाच राहिला. मात्र पोकळ्यांतले काही पांढरे खडे एकदम पेटल्यासारखे झाले. पिकलेल्या पपईचा गर असतो ना, तसल्या रंगाचे. सगळे नव्हे. एका पोकळीतला पेटला, शेजारचा तसाच थंड. दिवा विझवल्यावर एक खडा क्षणभर, पापणी लवेपर्यंत, आपला उजेड धरून राहिला आणि मग तोही गेला. आम्ही दोघे वीज आल्यावरही दिवे लावायचे विसरलो. त्या रात्रीपासून बादल्या भरू लागल्या.

हा प्रकार समजावून सांगायला आमच्या मोंढ्यातला अडत्या फार उपयोगी पडतो. शेतकरी शंभराचा माल घालतो, अडत्या आपली अडत कापून उरलेले हातावर ठेवतो. दगडावर अतिनील किरण पडतात, ते मोठ्या रकमेचे आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे. दगड ते घेतो, थोडी रक्कम उष्णतेच्या रूपाने स्वतःकडे ठेवतो आणि राहिलेली परत देतो. रक्कम कमी झाल्यामुळे परत येणारा उजेड डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत उतरतो. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत ह्याला कोठे प्रतिदीप्ती म्हणतात, कोठे अनुदीप्ती. केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स ह्यांनी १८५२ मध्ये ह्याचा उलगडा केला आणि फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून त्याला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. म्हणजे नळीच्या दिव्यांपासून रंगीत खडूपर्यंत आज जिकडेतिकडे चिकटलेला तो शब्द मुळात एका दगडाचा आहे.

घरात असा दिवा असला की काही दिवस माणूस तो घेऊन सगळीकडे हिंडतो. टिनोपाल-रानीपालच्या काळापासून कपड्यांना शुभ्रपणा देणारी जी द्रव्ये आली, ती आता साबणाच्या पुडीतच असतात. त्यामुळे धुतलेला सदरा निळसर झगझगतो आणि न धुतलेला लपत नाही. पाचशेच्या नोटेवरचे आकडे उजळतात. मलेरियावरचे क्विनाइन निळे दिसते. त्वचेचे डॉक्टर गजकर्ण आणि कोड पाहताना ह्याच जातीचा दिवा वापरतात. रॉबर्ट वुड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. आणि आमच्या हिंगोलीकरांनी अभिमानाने करून पाहावा असा एक प्रयोग आहे. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या पाण्यावर हा प्रकाश टाकायचा. काचेच्या पेल्यात पिवळ्या-हिरव्या उजेडाचा एक खांब उभा राहतो. हे काम हळदीतल्या कर्क्युमिनचे. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या अंगात हाही गुण आहे, हे मोंढ्यात बोली लावणाऱ्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. लक्ष्मीपूजनाची अमावास्या ह्या प्रयोगाला उत्तम. मुलांना फटाक्यांमधून अर्धा तास बाजूला ओढता आले तर.

मात्र दोन गोष्टी सांगून ठेवतो. बाजारातले स्वस्त दिवे स्वतःच इतका जांभळा उजेड ओततात, की त्यात दगडाचा बिचाऱ्याचा उजेड बुडून जातो. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे गडद काच लावलेला दिवा बरा. २५४ नॅनोमीटरचा आखूड लहरींचा दिवा अधिक दगड बोलके करतो; पण तो डोळ्यांना आणि कातडीला अपाय करतो. तो चष्मा घातल्याशिवाय लावू नये आणि मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. दुसरी गोष्ट अशी, की लेण्यांतून आणि देवळांतून एक खडासुद्धा उचलायचा नाही. विहिरींच्या कडेला इतका दगड पडला आहे, की दुसरीकडे पाहायचे कारणच नाही.

आता ह्या छंदाची निराशेची बाजू. आपल्या दगडांपैकी बहुतेक उजळत नाहीत. दहा ढेकळे आणावीत, तेव्हा एखादे हसते. ह्याचे कारण आपला काळा खडकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा हा प्रदेश तयार झाला, आणि त्या खडकात लोह भरपूर. लोह हा ह्या उजेडाचा वैरी. दगडात ते थोडेसे मिसळले तरी उजेड दबतो. उलट अत्यल्प मँगनीज कॅल्साइटमध्ये गेले, तर तेच त्याला रंग देते. अगदी निर्भेळ कॅल्साइट बहुधा गप्पच असतो. थोडी भेसळ हवी, पण योग्य माणसाची हवी, अशी ही सोयरीक आहे. आमच्याकडच्या गारेच्या काही तुकड्यांना हिरवट झाक येते, ती युरेनियमच्या अगदी लेशमात्र अंशामुळे. हे वाचून कोणी घाबरू नये. तेवढ्याने उशाशी ठेवलेला दगड काही करत नाही.

ज्यांचे नशीब थोर त्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या फ्रँकलिन गावची जस्ताची खाण ह्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. तेथला कॅल्साइट तांबडालाल पेटतो आणि त्याच्यातच मिसळलेला विलेमाइट गर्द हिरवा. खाणवाल्यांना त्याचे कौतुक नव्हते, उपयोग होता: टाकून द्यायच्या दगडात जस्ताचा हिरवा अंश राहून तर जात नाही ना, हे ते ह्या दिव्याने पाहत. खाण १९५४ साली बंद पडली, आणि तो टाकाऊ दगडच आता लोक हौसेने गोळा करतात. टंगस्टन देणारे शीलाइट हे खनिजही दिवसा ओळखू येत नाही आणि रात्री ह्या किरणांत निळसर पांढरे उजळते. म्हणून त्याचा शोध घेणारे भूवैज्ञानिक दिवे घेऊन अंधारात डोंगर धुंडाळतात. आपल्या नाशिकजवळच्या दगडखाणींत पॉवेलाइट नावाचे दुर्मीळ खनिज निघाले. ते आखूड लहरींत सुरेख पिवळे पेटते, आणि जगभरच्या संग्राहकांना महाराष्ट्राचा पत्ता माहीत आहे तो अशा दगडांमुळे. सिन्नरला के. सी. पांडे ह्यांनी उभारलेले 'गारगोटी' संग्रहालय पाहिले, म्हणजे आपल्या पायाखाली काय काय आहे ह्याची कल्पना येते. सहलीला शिर्डी-नाशिककडे जाणाऱ्यांनी तेथे दोन तास जरूर काढावेत.

एक गोष्ट मात्र त्या काचेच्या कपाटांसमोर मनात आल्याशिवाय राहत नाही. बोरघाटातली आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली. तो घाट फोडताना डोंगराच्या पोटातून अपोफिलाइट-स्टिल्बाइटचे असे काही झुबके निघाले, की ते थेट विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. त्यांच्याखाली चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठीवर खनिजाचे नाव, ठिकाणाचे नाव. त्याच कामात पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि दरडींनी हजारो मजूर मेले. त्यांच्या नावाची चिठ्ठी कोठे नाही. दगड बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी कामातून वर येतो, आणि पाहणारा मागाहून दिवा घेऊन जातो.

हे मनात असल्यामुळेच की काय, त्या मुलीच्या विहिरीवर जायचे मी बरेच दिवस टाळले. शेवटी तिच्या वडिलांचाच निरोप आला: "सर लोक दगड बघायला येत असतील तर येऊ द्या, इथं दुसरं काय आहे बघायला?" मार्गशीर्षातल्या एका अंधाऱ्या रात्री आम्ही दोघे मोटारसायकलवरून निघालो. औंढ्याची वाट. काळ्या पाषाणातले नागनाथाचे देऊळ मागे पडले. ह्याच तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली, खर्च २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रकाशाचे किरण सोडून अवकाशातून येणाऱ्या, कोणालाही न दिसणाऱ्या लहरी टिपायच्या. न दिसणारे पाहण्याच्या उद्योगाला आमचा जिल्हा असा एकदम मानवला आहे. आमच्या हातातला दिवा मात्र पाचशे रुपयांच्या आतला होता.

विहिरीच्या काठाभोवती डबराचा ढीग माणसाच्या उंचीचा. मुलगी, तिचे वडील आणि धाकटा भाऊ कंदिलाऐवजी मोबाइलचा उजेड घेऊन उभे. "आता सगळे दिवे बंद करा," सौ. म्हणाली, वर्गात म्हणते तशी, आणि सगळ्यांनी मुकाट्याने केले. मी दिवा ढिगावरून फिरवला. पहिली उजळली ती गारगोटी नव्हे, विंचू होता. दगडाच्या फटीत बसलेला, नांगीसकट हिरवट निळा, कोणी रंगवून ठेवल्यासारखा. विंचवाच्या कवचात अशी द्रव्ये असतात, की तो ह्या किरणांत लपूच शकत नाही. नुकती कात टाकलेला तेवढा सुटतो. धाकट्याने तो काठीने बाजूला केला. आमच्या मराठवाड्यात ह्या लाल विंचवाने घरोघरची पोरे नेली आहेत. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी कोकणात महाडला राहून ह्या दंशाचा अभ्यास केला, प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यावर चालते हे दाखवले, आणि मरणारी माणसे वाचू लागली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. दगड वेचणाऱ्याने हाताआधी दिवा पुढे करावा, हा धडा मात्र मी तेथेच घेतला.

मग दगड दिसू लागले. एक येथे, एक तेथे, पपईच्या रंगाचे. एक फिकट दुधी. खाली अगदी तळाशी हिरवट गारेचा एक चुरा. दिवसा ज्या ढिगाकडे पाहून त्या घराला फक्त खर्च आठवत असे, तो ढीग गावदेवीच्या डोंगरावर पणत्या लावाव्या तसा दिसत होता. मुलगी भराभर बोटे दाखवत होती. तिचे वडील काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सर, ह्याचं काही येतं का हो?"

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होते. सोसायटीचे कर्ज काढून आठ परस खणलेल्या माणसाने दुसरा कोणता प्रश्न विचारायचा? मी त्यांना आहे तसे सांगितले. पुण्याच्या, नाशिकच्या, जळगावच्या बाजूला असे दगड घेणारे व्यापारी आहेत. अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावी दर वर्षी दगडांची मोठी जत्रा भरते, तेथे आपल्या महाराष्ट्राचे खडे मांडलेले असतात आणि एकेकाला चांगली किंमत येते. पण त्यांना हवा असतो अखंड झुबका, एकही टोक न मोडलेला, छिन्नीने हळूहळू सोडवून काढलेला. सुरुंगाने फुटलेल्या डबराला तेथे कोणी विचारत नाही. "मामा, ह्या सगळ्या ढिगाचे हजार रुपयेही येणार नाहीत."

"मग राहू द्या," ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी माझ्या हातातल्या दिव्याकडे बोट केले. "ह्यात एवढं दिसतंय म्हणता, तर पाणी कुठं आहे ते नाही का दिसत?"

ह्यावर उत्तर सौ.ने दिले, आणि ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण ह्या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट तीच आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग लक्षावधी वर्षे त्या खडकातून ऊन पाणी झिरपत राहिले. येताना ते चुना, वाळूचा अर्क, सोडा असे काय काय विरघळवून आणी आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने ठेवून जाई. कॅल्साइट त्यानेच ठेवला, स्टिल्बाइट त्यानेच ठेवला. म्हणजे मांजऱ्यातली प्रत्येक गारगोटी ही तेथे एके काळी पाणी होते ह्याची पावती आहे. आणि त्या पाण्याने भोके इतकी नीट बुजवली, की आता नव्या पाण्याला शिरायला जागा उरली नाही. पोकळ्या रिकाम्या असत्या तर कदाचित विहीर भरली असती. आम्ही मात्र तिकडे फिरकलो नसतो.

त्याहून विलक्षण पुढेच आहे. स्टिल्बाइटच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. क्रॉनस्टेड नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असला एक खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसला. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून 'उकळणारा दगड' असे नाव ठेवले. त्या खड्याच्या घडणीतच पाणी बसलेले असते. शंभर ग्रॅम स्टिल्बाइटमध्ये सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे वजनाच्या सहाव्या हिश्शाहून थोडे अधिकच.

हे ऐकल्यावर त्या मामांनी एक पांढरा खडा उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला. "सहावा हिस्सा पाणी? ह्यात?"

"हो."

"मग माझ्या बांधावर एवढं पाणी पडलंय की, अन् मी यारीनं वर काढून टाकलं!" ते हसले. मुलगीही हसली. सौ.ला हिशेबाचे वेड. तिने तेथल्या तेथे गणित केले. एक टन निव्वळ स्टिल्बाइट तापवला, तर पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी सुटेल. एक ड्रमही पुरा भरणार नाही. आणि तापवायला लाकडे किती लागतील ते वेगळेच. मामांनी खडा परत ढिगावर टाकला. नंतर चहा झाला. टँकरच्या पाण्याचा चहा होता, आणि मुलीच्या आईने कप पुन्हा भरण्याचा आग्रह केला. तो दुसरा कप घेणे मला जड गेले.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ भूजलाच्या कामातला जाणकार आहे. मी त्याला त्या विहिरीचे वर्णन कळवले. शब्द त्या मुलीचेच वापरले, आणि त्याला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. त्याने सांगितले, की एका लाव्हाथराचा तळ आणि दुसऱ्याचा माथा जेथे भेटतात, तेथे पुष्कळदा तांबड्या गेरूचा पट्टा असतो आणि त्या सांध्याच्या आसपास पाणी मिळू शकते. नक्की मिळेलच असे मात्र कोणी म्हणू नये. शेजारच्या दोन विहिरींत गेरू किती परसावर लागला, ते मुलीने जाऊन विचारून आणले. हिशेब जुळत होता. त्यावरून आणखी पैसे घालायचे की नाही, ह्यावर त्या घरात महिनाभर खल झाला. पाणाड्यालाही बोलावले होते. त्याच्या हातातला नारळही त्याच जागी उभा राहिला म्हणतात, त्यामुळे शास्त्र आणि नारळ ह्यांचे एकदाचे एकमत झाले.

गेल्या वैशाखात त्यांनी दीड परस आणखी खणली. मांजऱ्या संपला, हातभर गेरू लागला आणि त्याच्या खालच्या अंगाने पाझर सुटला. मुलगी आता पदवी घेऊन हिंगोलीतच एका दुकानात हिशेब लिहिते. तिने मला फोन करून सांगितले, "सर, पाणी लागलं," आणि पुढे लगेच, "पण थोडं आहे." पावसाळ्यात विहीर वर आली, ते काही खरे नव्हे, तेव्हा सगळ्यांच्याच येतात. त्या भरवशावर मामांनी ह्या साली दहा गुंठे हळद लावली आहे. हळद फेब्रुवारीपर्यंत पाणी मागते. दसऱ्याला मोटर तीन तास चालत होती. डबराचा ढीग रस्त्याच्या कामाला उचलून नेला. नेण्याआधी त्या मुलीने दोन बादल्या दगड निवडून बाजूला ठेवले आहेत, एक आमच्यासाठी आणि एक तिच्यासाठी. आमची बादली पाडव्यानंतर आणायची आहे. घरात अजून सांगितलेले नाही.